एल्डर स्टिकनी प्रदर्शनाला जात नाहीत

आयोवातलं आमचं न्यू शिलो रविवारी इतकं शांत असायचं की परगावच्या माणसाला वाटावं, कुणीतरी बडी असामी वारलेली दिसते. या शांततेचं श्रेय देवाला द्यायची गावात पद्धत होती, पण खरी मेहनत ओबेड स्टिकनी यांची. आठवड्याचे सहा दिवस ते आपल्या दुकानात घोड्यांचे साज शिवत, आणि सातव्या दिवशी गावाला लगाम घालत. बावीस वर्षं ते आमच्या चर्चचे एल्डर होते. म्हणजे पाळकसाहेबांनी देवाचं म्हणणं सांगायचं आणि स्टिकनींनी ते कोण कोण ऐकत नाही याच्यावर नजर ठेवायची.

त्यांच्या घरी रविवारी चूल पेटत नसे. शनिवारी शिजवलेला घेवडा रविवारी थंडगार खायचा, आणि तो तसाच चांगला लागतो असं जेवताना एकदा तरी म्हणायचं. घड्याळाला चावी शनिवारीच. शनिवारी संध्याकाळी कोंबडा टोपलीखाली झाकला जाई. तो आरवायचा त्याला एल्डरांची हरकत नव्हती. पण आरवून झाल्यावर अंगणात उघड्यावर जो काही पराक्रम करायचा, तो शब्बाथाच्या दिवशी त्यांना चालण्यासारखा नव्हता.

अशा माणसाच्या नशिबी अठराशे त्र्याण्णव साल आलं. शिकागोला तळ्याकाठी जगाचं प्रदर्शन भरणार, आणि ते रविवारीही उघडं ठेवावं असं काही लोकांचं म्हणणं आहे, ही बातमी आली. एल्डरांना फार संताप आला. म्हणजे तसं त्यांनी सांगितलं. तोंडावर मात्र अगदी समाधान होतं. एवढं मोठं पाप, आणि तेही रेल्वेच्या टप्प्यात, न्यू शिलोच्या वाट्याला यापूर्वी कधी आलं नव्हतं.

त्यांनी अर्ज लिहिला. सात कलमांचा, स्वतःच्या हातानं. मग दुकान बंद ठेवून घरोघर फिरून सह्या जमवल्या. गावात माणसं एकशे नव्वद, सह्या भरल्या दोनशे बारा. काही सह्या आसपासच्या मळ्यांवरच्या होत्या, काही पाळण्यातल्या पोरांच्या अंगठ्यांच्या, आणि दोन गेल्या हिवाळ्यात वारलेल्यांच्या. पाळकसाहेबांनी त्या दोन नावांवर बोट ठेवलं तेव्हा एल्डर म्हणाले, "त्यांचं मत तिकडे गेल्यावर बदललं असेल असं मानायला काही आधार आहे का?" पाळकसाहेबांपाशी आधार नव्हता.

अर्ज गेला. प्रदर्शन सुरू झालं आणि कोर्टकचेऱ्या होऊन रविवारीही उघडं राहिलं. मग जून महिन्यात एल्डरांनी चर्चमध्ये सगळ्यांना उभं करून शपथ घेवविली, की ज्या प्रदर्शनात देवाचा दिवस पाळला जात नाही त्यात मी आणि माझं घर पाऊल ठेवणार नाही. सगळे उभे राहिले. त्यांची बायको केझायाही उभी राहिली, कारण एल्डरांनी तिच्या कोपराला धरून तिला उभं केलं होतं.

इथेच घोटाळा झाला. कारण केझायाची गाय आधीच शिकागोला पोचली होती.

गाय मक्याच्या दाण्यांची. आमच्या राज्याची जी इमारत प्रदर्शनात उभी राहणार होती, तिच्या भिंतींवर मक्याच्या दाण्यांची चित्रं लावायची होती, आणि जिल्ह्याचं चित्र करायचं काम चर्चच्या बायकांकडे आलं. बायकांनी उत्साहानं दाणे आणून दिले आणि तेवढ्याच उत्साहानं काम केझायावर सोपवलं. ऑर्गन वाजवणाऱ्या मिस फिल्यूरा डॅबनी यांनी तेवढा आभाळाचा एक कोपरा केला आणि बोटांना सरस लागून सूर चिकटतात म्हणून सोडून दिला. बाकी सबंध हिवाळा केझाया एकटी एकेक दाणा चिकटवत बसली. माणूसभर उंचीच्या फळीवर मावळता सूर्य, खाली धान्याचं कोठार आणि कुंपणाशी उभी तांबडी गाय. गाईच्या डोळ्यासाठी तिनं काळ्या मक्याची तीन कणसं सोलली, तेव्हा मनासारखा एक दाणा मिळाला. काम संपल्याच्या दिवशीच फळी पेटीत ठोकून गाडीत चढवली. भिंतीवर उभी केलेली ती कशी दिसते, हे तिनं पाहिलंच नव्हतं.

शपथेनंतर केझाया भांडली नाही. भांडण एल्डरांना झेपलं असतं. त्यात ते वाकबगार होते. ती शपथ पाळू लागली. वर्तमानपत्र घरात आलं की आधी ती कात्री घेऊन बसे आणि प्रदर्शनाची चित्रं कापून काढी.

"अगं, हे काय! मागच्या बाजूला डुकरांचे भाव होते!"

"जायचं नाही म्हणजे बघायचंही नाही ना, अहो?" ती शांतपणे म्हणे. "चित्रात पाऊल पडलं म्हणजे?"

सगळा उन्हाळा एल्डरांनी भोकं पडलेलं वर्तमानपत्र वाचलं. राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाची सुरुवात आणि शेवट त्यांना माहीत असे. मधला भाग शपथेत गेलेला असे.

ऑक्टोबर आला. महिनाअखेरीस प्रदर्शन मिटणार होतं. एका सकाळी केझाया दुकानात डबा घेऊन आली, आणि एरवी ठेवून परत जायची ती उभीच राहिली. एल्डर गळपट्ट्याला टाके घालत होते.

"मी अठ्ठावन्न वर्षांची झाले," ती म्हणाली. "आजवर हातानं जे जे केलं ते कुणीतरी खाल्लं तरी, नाहीतर घालून फाडलं तरी. एकच वस्तू अशी केली की जी नुसती बघायची आहे. ती तेवढी मी बघितलेली नाही."

आणि ती गेली. त्या दिवशी एल्डरांनी गळपट्टा उलटा शिवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं, की शिकागोतल्या चुलतभावाच्या, फिनियसच्या, अंगावर सूज आली आहे आणि शुक्रवारी तिकडे जावं लागेल. फिनियस होता खरा, पण त्याच्या अंगावर पूर्वीपासून होतं ते सगळं बियरचं मांस होतं. त्यालाच सूज म्हणता येईल असा एल्डरांनी मनाशी निवाडा केला. बेत चोख होता. शुक्रवारी दुपारी निघायचं, शनिवारी सकाळी पोचायचं, गाय बघायची, रविवार फिनियसच्या घरात काढायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. शनिवारी प्रदर्शनात गेलेल्या माणसानं रविवार मोडला असं कोण म्हणेल? शपथ मोडत होती, पण एल्डरांच्या मते ती रविवारच्या बाजूनं मोडत नव्हती.

न्यू शिलोच्या स्टेशनावर चढण्यात अर्थ नव्हता. तिथला मास्तर म्हणजे गावाचं दुसरं वर्तमानपत्र, आणि त्याला कात्री लावता येत नव्हती. म्हणून दोघं घोडागाडीनं सात मैलांवरच्या मिलर्स ग्रोव्हला गेली. एल्डरांनी हॅट भुवयांपर्यंत ओढली होती. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं न विचारताच प्रदर्शनाला जाणाऱ्यांसाठीची सवलतीची दोन परतीची तिकिटं फाडली.

"आम्ही आजारी माणसाला बघायला चाललोय," एल्डर घाईनं म्हणाले.

"न्यू शिलो ना? काका की मावशी?"

"चुलतभाऊ."

"वा! चुलतभाऊ बरा. या आठवड्यात मावश्याच सात झाल्या." त्यानं तिकिटं पुढे सरकवली. "तुमच्या गावची माणसं देवभोळी, पण नातेवाईक फार नाजूक दिसतात हो."

डब्यात पाऊल टाकलं तर समोरच मिस फिल्यूरा डॅबनी. मांडीवर मिशनऱ्यांचं मासिक उघडं होतं आणि त्याच्या पोटात प्रदर्शनाचा नकाशा. त्यांच्यामागच्या बाकावर एक वर्तमानपत्र माणसाच्या उंचीइतकं उभं धरलेलं, आणि खाली पिठानं पांढरे झालेले बूट. गावात असे बूट एकट्याचे होते, गिरणीवाल्या होझिया क्रल यांचे. जूनमध्ये शपथ घेताना ते सगळ्यांत मोठ्यानं ओरडले होते.

मग फिल्यूराबाईंनी मासिक मिटलं.

"मावशीच्या मूत्रपिंडासाठी चाललेय," त्या म्हणाल्या.

"फिनियसला सूज आलीय," एल्डर म्हणाले.

वर्तमानपत्रामागून आवाज आला, "दाढ."

"इथे बऱ्या नाही का होत दाढा?" केझायानं विचारलं.

"ही फार आतली आहे, केझायाबाई," वर्तमानपत्र म्हणालं.

गाडी निघाली. निघाली म्हणायचं एवढंच, कारण मिसिसिपी ओलांडल्यावर ती जी एका आडबाजूच्या रुळावर जाऊन उभी राहिली, ती तिथेच राहिली. प्रदर्शनाच्या शेवटच्या आठवड्यांतली गर्दी. एकामागून एक जादा गाड्या पताका लावून, बँड वाजवत पुढे सोडल्या जात होत्या. आमच्या मंडळींची गाडी मक्याच्या कापलेल्या शेतात उभी. रात्र बाकांवर बसून गेली. सकाळी कंडक्टर आला.

"प्रदर्शनवाले मंडळी, अजून दोन तास!"

सगळा डबा हळहळला. न्यू शिलोचे चौघे मात्र खिडकीबाहेर खोडक्यांकडे असे बघत राहिले की खोडक्यांत काहीतरी वाचण्यासारखं असावं.

कंडक्टर त्यांच्यापाशी थांबला. "तुम्ही कुठले?"

"आम्ही आजाऱ्यांना भेटायला," फिल्यूराबाई म्हणाल्या.

"हां हां. आजारीवाले मंडळी, तुम्हालाही दोन तास. तोवर कुणी बरं झालं तर कळवतो."

गाडी जसजशी रखडत गेली तसतसे आजार वाढले. एवढा वेळ थांबून, एवढे हाल सोसून नुसत्या मूत्रपिंडासाठी कोण जातं? दुपारपर्यंत फिल्यूराबाईंच्या मावशीला कावीळही झाली. होझिया क्रल यांनी दाढेचा जबडा केला. एल्डर मागे राहणं शक्यच नव्हतं. त्यांनी फिनियसची सूज घशापर्यंत चढवली आणि डॉक्टरांनी आशा सोडल्याचं सांगितलं.

"बिचारा! मग लवकर तरी पोचायला हवं," फिल्यूराबाई म्हणाल्या.

"पोचलो तर आधी त्याला ग्लास खाली ठेवायला सांगायला हवं," केझाया म्हणाली, आणि थंड कोंबडीचे तुकडे सगळ्यांना वाटले. होझिया क्रल यांनी त्या आतल्या दाढेनं तीन तंगड्या खाल्ल्या.

गाडी शिकागोला पोचली तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती. राज्याची इमारत पाचला बंद झालेली. सवलतीच्या तिकिटावर परतीची गाडी सोमवारी पहाटेची, तीही ठरलेली. एल्डर फलाटावर उभे राहून हिशेब मांडत होते, आणि तो कसाही मांडला तरी मध्ये एकच दिवस उरत होता. जगातल्या सात दिवसांपैकी तोच.

केझाया हिशेबासाठी थांबली नाही. सामानाची पिशवी उचलून चालू लागली. तिची पाठ बघून एल्डरांना कळलं, की ती न बघता परत येईल, तक्रार करणार नाही, आणि उरलेल्या आयुष्यात वर्तमानपत्र कायमचं भोकांचं राहील.

"उद्या जाऊ," ते म्हणाले.

आता पाप करायचंच होतं, तर ते नियमात बसवून करायचं अशी एल्डरांची पद्धत. रविवारी खरेदी नको, म्हणून प्रवेशाची तिकिटं त्यांनी शनिवारीच घेतली. रविवारी वाहनात बसणं बरं नव्हे, म्हणून फिनियसच्या घरापासून दोघं पाच मैल पायी निघाली. निघताना फिनियस दारात उभा होता, गुटगुटीत, लालबुंद.

"ओबेड, ट्राम दारात येते रे! कशाला केझायावहिनीला दमवतोस?"

"तुझी सूज उतरवायला प्रार्थना करत चाललोय," एल्डर म्हणाले. फिनियसला यातलं काही कळलं नाही, आणि केझाया रस्ताभर मधूनच एकटी हसत होती.

प्रदर्शनाविषयी एल्डरांना नंतर काही सांगता आलं नाही, कारण ते सबंध वेळ जमिनीकडे बघत चालले. पांढऱ्या राजवाड्यांची रांग त्यांनी पायऱ्यांपर्यंत पाहिली. उंच पाळण्याचा त्यांना फक्त सावलीवरून अंदाज आला. रविवारी प्रदर्शनात जाऊन बघितलं काय असं कुणी विचारलं, तर "खडी" असं खरं उत्तर देता यावं, अशी त्यांची योजना होती.

राज्याची इमारत आली. आत छतापासून खालपर्यंत मक्याचे खांब, मक्याच्या कमानी, मक्याची नक्षी. जिल्ह्याजिल्ह्यांची चित्रं ओळीनं लावलेली. केझायाची चाल भरभर झाली. ती पार कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

आमच्या जिल्ह्याच्या चित्रावर पांढरं कापड सोडलं होतं. छतापासून जमिनीपर्यंत. बाकी सगळी चित्रं उघडी; हे एकटंच प्रेत झाकल्यासारखं.

शेजारी स्टुलावर एक बुटका पहारेकरी सफरचंद खात बसला होता.

"हे का झाकलंय हो?" केझायानं विचारलं.

"दर रविवारी झाकतो, बाई. त्या जिल्ह्याचा अर्ज आहे." त्यानं भिंतीवर फ्रेममध्ये लावलेल्या अर्जाकडे सफरचंद रोखलं. "सातवं कलम. 'आमची विनंती डावलून प्रदर्शन रविवारी उघडलंच, तर निदान आमच्या जिल्ह्याची वस्तू त्या दिवशी कुणाच्या दृष्टीस पडू नये.' दोनशे बारा सह्या आहेत. वर कुणी स्टिकनी म्हणून आहे. अक्षर काय आहे बघा, जणू चाबकानं लिहिलंय."

एल्डरांनी आयुष्यात अनेक अर्ज केले होते. सरकारनं त्यांपैकी एकच मान्य केला होता, आणि तो हा.

केझाया कापडाकडे बघत उभी होती. तिनं हात पुढे केला, पण कापडाला लावला नाही. मग चष्मा काढून पिशवीत ठेवला.

"चला," ती म्हणाली. "तुमचं कापड नीट बसलंय."

हे ती रागानं म्हणाली असती तर एल्डर निघाले असते. ती कौतुकानं म्हणाली, शिवणकामातल्या माणसानं दुसऱ्याचं काम बघून म्हणावं तसं. एल्डर जागचे हलले नाहीत.

"हे वर करता येत नाही का?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"येतं ना. अर्जदारांपैकी कुणीही लिहून दिलं की झालं. पण ते कशाला येतायत इथे? त्यांनी म्हणे देवासमोर शपथ घेतलीय." तो हसला. "दोनशे बारापैकी कुणीही चालेल. नाव लिहायचं, गाव लिहायचं. मग ते आम्ही त्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला कळवतो. नियम आहे."

याच वेळी मक्याच्या जाड खांबामागे हालचाल झाली. खांबाच्या एका बाजूला फिल्यूराबाईंच्या टोपीचं पीस दिसत होतं आणि खालच्या बाजूला पांढरे बूट. त्यांची मावशी आणि दाढ बहुधा याच इमारतीत राहत होती. पण खांबामागून कुणी पुढे येईना.

पहारेकऱ्यानं वही उघडून धरली. क्षणभर एल्डरांच्या मनात गेल्या हिवाळ्यात वारलेले ते दोघे येऊन गेले. त्यांची नावं यादीत होती, त्यांना वर्तमानपत्र वाचायचं नव्हतं, आणि त्यांना चर्चमध्ये कुणी जाब विचारणार नव्हतं. एल्डरांनी पेन्सिल टेकवली. मृताच्या नावाचं पहिलं अक्षर कसं काढायचं याचा ते विचार करत होते.

केझाया बघत होती. वहीकडे बघत नव्हती, त्यांच्याकडे बघत होती.

त्यांनी लिहिलं, 'ओबेड स्टिकनी, एल्डर, न्यू शिलो.' अक्षर चाबकासारखं आलं नाही. पण पहारेकऱ्यानं फ्रेममधली सही बघितली, वहीतली बघितली आणि सफरचंद खाली ठेवलं.

"अरे देवा," तो म्हणाला.

"कापड वर करा," एल्डर म्हणाले.

"करा म्हणजे, तुम्हीच करा. माझा हात पोचत नाही. आणि काढून ठेवता येणार नाही हां. वर धरता येईल तेवढं धरायचं. काढण्यासाठी सगळ्या दोनशे बारा जणांच्या सह्या लागतील."

बासष्ट वर्षांच्या एल्डर स्टिकनींनी रविवारी दुपारी कापडाखाली शिरून ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि तसेच चित्राच्या कडेला उभे राहिले, पाठ चित्राकडे आणि तोंड लोकांकडे. म्हणजे ज्या गायीसाठी त्यांनी बावीस वर्षांची अब्रू खर्ची टाकली ती त्यांना दिसत नव्हती. त्यांना फक्त केझाया दिसत होती.

केझायानं चष्मा परत काढला, बाहीनं नव्हे, चांगल्या रुमालानं पुसला आणि लावला. आधी ती लांबून बघत राहिली. मग जवळ आली. मग पुन्हा लांब. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगायला एल्डरांपाशी शब्द नव्हते, कारण त्यांचे बहुतेक शब्द अर्ज लिहिण्यात वापरले गेले होते.

"कोठार जरा जाड झालंय," ती शेवटी म्हणाली.

"आणि गाय?"

"गाय बघतेय माझ्याकडे," ती म्हणाली.

लोक जमू लागले. झाकलेली एकच वस्तू उघडी होतेय म्हटल्यावर सगळी इमारत तिकडे लोटली. एका धिप्पाड बाईनं विचारलं, "कुणी केलं हो हे?"

"हिनं," एल्डर कापडाखालून मोठ्यानं म्हणाले. चर्चमध्ये शपथ घेवविताना आवाज होता, तेवढा मोठा. "माझी बायको. केझाया स्टिकनी. सबंध हिवाळा बसून."

खांबामागचं पीस थरथरलं. आत्तापर्यंत शपथ, पाळकसाहेब, वर्तमानपत्र या सगळ्यांपुढे टिकलेल्या फिल्यूराबाई एवढ्यापुढे टिकल्या नाहीत. त्या तरातरा बाहेर आल्या.

"वरचा डावा कोपरा माझा आहे!" त्या लोकांना म्हणाल्या. "आभाळ! आभाळ मी केलंय!"

"तेवढंच वाकडं आहे," केझाया म्हणाली.

"आणि दाणे?" होझिया क्रलही पुढे झाले. "लाल दाणे कुणाच्या गिरणीतले? सांगा की, एल्डर!"

"तुमची दाढ कशी आहे, होझिया?" एल्डरांनी विचारलं.

होझियांनी गालावर हात ठेवला, जरा विचार केला आणि काढला. पहारेकरी वही घेऊन त्यांच्यापुढे उभा होता. त्यानं दोघांची नावं विचारली, आणि फिल्यूराबाईंनी आपल्या नावापुढे 'आभाळ' असं कंसात लिहायला लावलं.

एल्डरांचे हात आता भरून आले होते. खांद्यांत कळ आली होती. पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून काय बोलायचं, याचं एकही वाक्य त्यांना सुचत नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्याची त्यांना म्हणावी तेवढी घाईही वाटत नव्हती.

केझाया गाईच्या डोळ्यापाशी गेली होती. तिनं मान तिरकी करून विचारलं, "अहो, हात दुखतायत का?"

"नाही," एल्डर म्हणाले. रविवार असूनही त्यांनी हे खोटं सांगितलं.

"मग धरा अजून थोडा वेळ," ती म्हणाली. "मी कुंपणापर्यंतच आलेय."